हिंगाच्या डबीतली चिप

सरलाचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा एका सकाळी बंद पडला आणि तो मी उघडला. यातली दुसरी गोष्ट झाली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं आमच्या घरात आता सर्वानुमते ठरलेलं आहे. सर्वानुमते म्हणजे सरला आणि फोनवर पुण्याहून आमची मुलगी स्वानंदी. माझं मत कुणी घेतलेलं नाही.

तानपुरा म्हणजे भोपळ्याचा नव्हे. पोळ्यांच्या डब्याएवढी काळी पेटी, पुढे जाळी, वर तीन बटणं. चालू केली की आतून तारा छेडल्यासारखा सूर येतो आणि बंद करेपर्यंत येतच राहतो. दुर्गच्या बेबीताईंकडे सरला गाणं शिकायची. बेबीताई हैदराबादला मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या, तेव्हा जाताना ही पेटी सरलाला देऊन गेल्या. तेव्हापासून रोज सकाळी आमच्या सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये आधी कुकर बोलतो आणि मग पेटी.

त्यात आमच्या इथल्या मराठी मंडळाचा वर्धापनदिन तोंडावर आला होता. रविवारी सकाळी गाण्याचा कार्यक्रम, आणि त्यात पहिल्यांदाच सरलाचं नाव. एरवी साथीला हार्मोनियमवाले असतात, पण ते नेमके त्याच दिवशी नागपूरला भाचीच्या लग्नाला निघाले होते. मंडळाचा खरा तानपुरा कपाटावर आहे, पण त्याच्या भोपळ्याला चीर गेलेली आहे आणि तारांवर दरवर्षी गणपतीतले बॅनर वाळत घालतात. म्हणजे सगळी भिस्त या काळ्या पेटीवर.

आणि पेटी बंद पडली. लाल दिवा लागायचा, आवाज मात्र शून्य.

सरलाने हे फार शांतपणे घेतलं. म्हणाली, राहू द्या, मंडळात कळवून टाकते का या वर्षी नाही जमत. मला वाटलं, दुःख गिळून बोलते आहे. मी म्हटलं, मी असताना तुला असं कळवायची वेळ येणार नाही. तिने माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. ती नजर मी कौतुकाची समजलो.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये माझी सगळी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मोजमापाची यंत्रं सांभाळण्यात झाली. त्यामुळे मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत गल्लीत काहीही बिघडलं की लोक आधी माझं मत घेतात आणि नंतर मेकॅनिककडे जातात. खरी गोष्ट अशी की आमच्याकडे एखादं सर्किट कार्ड बिघडलं की ते काढायचं, स्टोअरमधून नवं आणायचं आणि बसवायचं. जुन्या कार्डात नेमकं काय बिघडलं याची चौकशी करायला तिथे कुणाला वेळ नसतो. कार्ड काढण्यात आणि बसवण्यात मात्र माझा हात धरणारा कुणी नव्हता.

तर मी पेटीचे स्क्रू काढले. आत हिरवं कार्ड, त्यावर बारीकसारीक भाग, आणि मधोमध सॉकेटमध्ये बसवलेली एक लांबट काळी चिप, दोन्ही बाजूंना गोमेसारखे पाय. तिच्या पाठीवर नाव असायला हवं होतं. नव्हतं. बनवणाऱ्याने कुणी नक्कल करू नये म्हणून ते घासून काढलं होतं.

नेमके त्याच वेळी शेजारचे दौलतराव आले. दौलतराव ऑडिटमधून रिटायर झाले आहेत. कुठलीही वस्तू पूर्ण दिसली की त्यांना समाधान होत नाही, तिच्यात काय नाही हे ते आधी शोधतात. त्यांनी विचारलं, काय झालं? मी चष्मा वर सरकवला, चिपकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, आयसी गेली आहे.

असं मी का म्हणालो, मला माहीत नाही. तपासलं काहीच नव्हतं. पण ती मधोमध होती, मोठी होती आणि काळी होती. एखाद्याला जबाबदार धरायचं तर नजर अशाच माणसावर जाते. आणि एकदा दौलतरावांसमोर बोललो म्हणजे ते अख्ख्या गल्लीसमोर बोलल्यासारखं होतं. आता ती गेलेलीच असणं भाग होतं.

दौलतराव म्हणाले, मग नवी आणा. कुठली आणायची, हे कळण्यासाठी आधी हिचं नाव कळायला हवं होतं. पेटी बनवणारी छोटी कंपनी कधीच बंद झालेली. पेटीच्या खालच्या फोन नंबरवर आता एक केटरर होता. त्याने फार आपुलकीने विचारलं की किती माणसं आणि जेवण जैन पाहिजे का. तानपुऱ्याचं सांगितल्यावर म्हणाला, म्युझिकवाला दुसरा आहे, नंबर देतो.

मग सल्ले सुरू झाले. दौलतरावांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं की खडूची भुकटी चोळली की घासलेली अक्षरं उठून दिसतात. मी चिप सॉकेटमधून उपटली. यात एक पाय वाकला, त्याची वाच्यता केली नाही. खडू चोळला. अक्षरं उठली नाहीत, चिप मात्र पांढरी झाली. तेवढ्यात मागच्या क्वार्टरच्या मैनाबाई कढीपत्ता मागायला आल्या. त्या भंडाऱ्याकडच्या, मनाने मोकळ्या, आणि त्यांचा मुलगा हेमराज कुरुदच्या बाजूला एका खाजगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो.

“भाऊजी, त्याले जरासं गोडं तेल लावून पाहा,” त्या म्हणाल्या. “माह्या घरी विळ्यावरचं नाव असंच वाचलं होतं.”

खडूवर तेल लावल्यावर काय होतं, हे कळायला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी करावी लागत नाही. माझ्या हातात एक छोटंसं, पाय असलेलं थालीपीठ तयार झालं. सरला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. तिने फक्त सांगितलं की हातातली ती कापसाची वात देवापुढची आहे, पुसायला दुसरा कापूस घ्या.

दुसऱ्या दिवशी मी चिप घेऊन सिविक सेंटरच्या बाजारात गेलो. न्यायची कशात, हा प्रश्न होता. सरलाने हिंगाची एक रिकामी डबी दिली. डबी रिकामी असली तरी वास भरलेला होता, पण आकार अगदी मापाचा. तिथे राहुल नावाच्या तरुणाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडे मोठं करून दाखवणारा कॅमेरा आहे. त्याने डबी उघडली, शिंकला आणि चिप कॅमेऱ्याखाली धरली. पडद्यावर चिप रणगाड्याएवढी दिसू लागली. तेल, खडू, कापसाचे धागे, सगळं स्पष्ट. एका कोपऱ्यात अर्धवट आकडा दिसत होता. राहुलच्या मते तो आठ होता. मला तो बी वाटला. चहा घेत बसलेल्या गिऱ्हाइकाने सांगितलं की तो जिऱ्याचा दाणा आहे, आणि चिमट्याच्या टोकाने ढकलल्यावर तो खरंच सरकला.

राहुल चांगला मुलगा. त्याने चिप साफ करून दिली, वाकलेला पाय सरळ केला आणि अशी वस्तू उघडी ठेवायची नसते, म्हणून पोळ्या गुंडाळायच्या चांदीसारख्या कागदात गुंडाळून दिली. मग मला हळूच म्हणाला, “अंकल, मोबाइल में तानपुरे का ऐप आता है. फ्री में.”

ॲपचं आमच्या घरी आधीच झालं होतं. स्वानंदीने सरलाच्या फोनवर ते टाकून दिलं होतं. पहिल्याच सकाळी सरलाने डोळे मिटून सा लावला, तो तारेत तार मिळाल्यासारखा लागला, आणि फोनमधल्या बाईने सांगितलं की तुमचा गॅस सिलिंडर बुक झाला आहे. त्यानंतर सरलाने फोनला गाण्यात घेतलं नाही.

मी घरी परतलो तर दारात दोन-तीन माणसं उभी. दौलतरावांनी गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं होतं की उमाकांतरावांच्या, म्हणजे माझ्या, घरी अनोळखी चिप सापडली असून तिच्यावरचं नाव मुद्दाम पुसलेलं आहे. यात खोटं काहीच नव्हतं. ऑडिटवाल्यांचं हेच कसब आहे, एकही शब्द चुकीचा न लिहिता माणसाला अडकवतात. ग्रुपवर कुणी विचारलं, ही चिप ऐकते का? त्यावर कुणी लिहिलं, परदेशी असेल तर ऐकणारच. पुढे चार दिवस आमच्या घरासमोरून जाताना लोक आवाज खाली आणून बोलायचे. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं की ती बंद असताना पण ऐकते का. मी म्हटलं, अहो, ती तानपुऱ्याची आहे. ते म्हणाले, तेच तर, संशय येणार नाही अशाच ठिकाणी ठेवतात.

मला वाईट याचं वाटलं की माझं मत विचारायला कुणी आलं नाही. सगळे चिप पाहायला यायचे.

या गडबडीत सरला गात नव्हती. सकाळी कुकर झाला की घर गप्प. मी दोनदा सुचवलं की नुसता आवाज लावून पाहा. तिने दोन्ही वेळा काहीतरी काम काढलं. मला ती शांतता सहन होत नव्हती. चिपचं नाव शोधण्याचा माझा हट्ट त्यामुळे अजूनच वाढला.

शेवटी मैनाबाईंनीच मार्ग काढला. त्यांनी हेमराजला सांगून ठेवलं आणि मला बजावलं की कॉलेजात मशीन आहे, चिप घातली का नाव सांगते. हे त्यांनी आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आधी तेल लावून पाहू म्हटलं.

मी पेटी पिशवीत घातली, डबी खिशात, आणि स्कूटरने कुरुदच्या बाजूला निघालो. एके काळी तिकडे नुसती शेतं होती, आता शेतांच्या मधून कॉलेजं उगवली आहेत. फाटकावर गार्ड होता, निवृत्त फौजी असावा, मिशा इस्त्री केल्यासारख्या. तो नियमाने चालणारा माणूस होता. आत नेण्याच्या प्रत्येक वस्तूचं नाव रजिस्टरमध्ये लिहिणं त्याच्यावर बंधनकारक होतं. पेटीचं तानपुरा म्हणून लिहिलं. मग डबी.

“इसमें क्या है?”

मी सांगितलं, चिप आहे. कौनसी चिप? मी म्हटलं, तेच तर माहीत नाही. नाव कळावं म्हणूनच आत नेतो आहे. तो म्हणाला, नाव लिहिल्याशिवाय आत जात नाही. मी म्हटलं, आत गेल्याशिवाय नाव कळत नाही. त्याने या मुद्द्यावर खरोखर विचार केला. मी त्याला ती चिप कशी असते, तिच्यावर नाव का नसतं, हे सगळं शिक्षकाच्या आवाजात समजावून सांगितलं. माझ्या मागे स्कूटरवर पोरापोरींची रांग लागली. त्यांतल्या काहींना वाटलं मी नवा प्राध्यापक आहे, कारण त्यांनी फोन काढले आणि माझ्याकडे बघणं बंद केलं.

गार्डने शेवटी डबी घेतली, उघडली, नाकाशी नेली. त्याचा चेहरा उजळला. त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं, हींग, एक डिब्बी, आणि मला सलाम करून आत सोडलं.

हेमराज प्रयोगशाळेत वाट पाहत होता. गोल चेहऱ्याचा, हळू बोलणारा, आईसारखाच. त्याने चिप मशीनमध्ये बसवली. मशीनने बराच विचार केला आणि पडद्यावर इंग्रजीत लिहिलं की ओळख नाही. मला वाटलं, संपलं. पण हेमराज हसला. म्हणाला, नावाने नाही सापडली तर वागण्याने सापडेल. त्याने ती काढून पुन्हा पेटीतल्या कार्डावर बसवली आणि एकेका पायाला मीटर लावून बघू लागला. वीज कुठल्या पायातून आत येते, अर्थिंगला कुठला पाय जोडलाय, घड्याळासारखी टिकटिक देणारा स्फटिक कुठल्या दोन पायांना लावलाय. प्रयोगशाळेत हिंगाचा मंद वास दरवळत होता. दोन विद्यार्थिनी येऊन डब्यात काय आणलंय विचारून गेल्या.

“अंकल, ये तो एटी फिफ्टी वन है,” तो म्हणाला. “दुसऱ्या वर्षाच्या पोरांना आमी हीच शिकवतो.”

एटी फिफ्टी वन. जगातली सगळ्यात साधी, सगळ्यात जुनी, घरोघर वापरलेली चिप. आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये तिचा कोर्स झाला होता. मला त्याचं प्रमाणपत्र मिळालं होतं आणि शेवटच्या दिवशीचा समोशांसह फोटोही आहे. माझ्या घरात इतके दिवस एक जुनी ओळखीची बसली होती आणि मी तिला तेल लावत होतो. मी हेमराजला यातलं काही सांगितलं नाही. मी म्हटलं, वाटलंच होतं मला.

मग नवी आणू, मी म्हणालो. हेमराजने मान हलवली. नवी मिळेल, पण ती कोरी असेल. तानपुरा कसा वाजवायचा, हे या जुन्या चिपच्या आत भरलेलं आहे आणि बनवणाऱ्याने त्याला कुलूप लावलंय. नाव कळून उपयोग नाही. ही गेली असेल तर सूर गेला.

मी स्टुलावर बसलो. बेबीताईंची पेटी, सरलाचं नाव लागलेला कार्यक्रम, आणि रोजची गप्प सकाळ, सगळं एकदम समोर आलं.

हेमराजने मला पाणी दिलं. मग त्याने फार नम्रपणे विचारलं की चिप गेली आहे हे कुणी तपासलं होतं. मी म्हटलं, माझा तसा अंदाज होता. तो म्हणाला, बरं. त्याने एक छोटा इअरफोन घेतला, कार्डावरच्या एका ठिकाणी त्याचं टोक टेकवलं आणि दुसरं माझ्या कानात दिलं.

आत तानपुरा वाजत होता. बारीक, लांबून आल्यासारखा, पण तोच. चिपला काही झालं नव्हतं. तिच्यापासून स्पीकरकडे जाणारी एक वायर सोल्डरच्या टाक्यातून सुटली होती, एवढंच. हेमराजने झाळणी लावली, टाका दिला, आणि खोलीभर सूर पसरला. विद्यार्थी कामं थांबवून बघू लागले. मी खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसला.

परत जाताना गार्डने थांबवलं. आत जाताना हींग होती, आता डबी रिकामी आहे. आत कुणाला हींग दिली, असं त्याचं म्हणणं. मी थकलो होतो. मी सांगितलं, प्रोफेसर साहेबांना. त्याने तसं लिहून घेतलं. हेमराजला त्यावरून नंतर स्टाफरूममध्ये काय काय ऐकावं लागलं, ते मैनाबाई अजून सांगतात.

घरी आलो, पेटी टेबलावर ठेवली आणि चालू केली. मला वाटलं होतं, सरला धावत येईल. ती आली, सूर ऐकला आणि खुर्चीवर बसली.

“तुम्ही कावून एवढं करून राहिले?” ती म्हणाली. “मले नाही बसायचं स्टेजवर. बंद पडली तेव्हा मले बरं वाटलं होतं.”

मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. मंडळात नाव दिल्यापासून तिची झोप उडाली होती. घरात, पेटीपुढे, डोळे मिटून गाणं वेगळं. तिथे लोक समोर बसतात. पेटी बंद पडली तेव्हा तिला वाटलं, देवानेच सोडवलं. आणि मग मी स्क्रू काढायला बसलो. इतके दिवस मी जिच्यासाठी तेल, खडू आणि फाटकं ओलांडत होतो, ती रोज मनात म्हणत होती की यांना नाव न सापडो.

मी म्हटलं, मग नाही म्हणून सांगू. ती म्हणाली, आता कसं सांगता? दौलतरावांनी दुपारीच ग्रुपवर टाकलं होतं की चिपची ओळख पटली असून रविवारी सकाळी ती मंडळात ऐकायला मिळेल. हेमराजने आईला सांगितलं होतं, आईने दौलतरावांना. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती.

रविवारी मंडळाचा हॉल भरला. इतकी माणसं तिथे फक्त श्रीखंड असलं तरच येतात. पहिल्या रांगेत दौलतराव, मैनाबाई आणि हेमराज. चिप ऐकते का, असं विचारणारे गृहस्थही आले होते, भिंतीला टेकून, अंतर ठेवून. मी कडेच्या खुर्चीवर बसलो. सरलाने गुलबक्षी साडी नेसली होती. ती बसली, तबलावाल्यांकडे पाहिलं, पेटी चालू केली. सूर आला. लोकांनी समोर बघितलं ते सरलाकडे नाही, पेटीकडे.

तिने राग अल्हैया बिलावल लावला. पहिला सा थोडा कापला. दुसरा कमी कापला. तिने डोळे मिटले आणि तिचा आवाज घरच्यासारखा झाला. मी श्वास सोडला.

आणि पेटी बंद पडली.

एकदम नाही. थोडी खरखर, मग काही नाही. लाल दिवा चालू. माझ्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता, तो घेऊन मी अर्धा उठलो. काय करणार होतो, देव जाणे. स्टेजवर चढून पेटी उघडणार होतो बहुतेक. सरलाने डोळे उघडले. तिने पेटीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि मांडीवरचा हात किंचित खाली दाबला. बसा.

मी बसलो.

ती गात राहिली. तिने सूर सोडला नाही. हॉलमध्ये तबला होता आणि तिचा आवाज, बाकी काही नव्हतं, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोक आपापल्या जागी हळूहळू स्थिर होत गेले. फोन खाली गेले. भिंतीला टेकलेले गृहस्थ कधी पुढे येऊन बसले, कळलं नाही. मैनाबाई तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. त्या सकाळी मात्र मला इतकं कळलं की माझ्या घरात इतकी वर्षं काय चाललं होतं.

टाळ्या बऱ्याच वेळ वाजल्या. सरलाने नमस्कार केला, बायका तिच्याभोवती जमल्या. त्या गर्दीतून वाट काढत दौलतराव माझ्याकडे आले. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

“उमाकांतराव, काय सूर आहे तुमच्या चिपचा,” ते म्हणाले. “जराही हलला नाही शेवटपर्यंत.”

एरवी मी ते मान झुकवून घेतलं असतं. माझ्या वाट्याला कौतुक फार येत नाही.

“दौलतराव, ती सुरुवातीलाच बंद पडली,” मी म्हटलं.

त्यांनी स्टेजवरच्या पेटीकडे पाहिलं, लाल दिव्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ऑडिटचा माणूस, हिशेब लागल्याशिवाय सोडणारा नव्हे.

“मग सूर कोण देऊन राहिलं होतं?”

मी बायकांच्या घोळक्याकडे बोट दाखवलं. मध्ये गुलबक्षी साडीत सरला उभी होती आणि कुणालातरी सांगत होती की पुढच्या वर्षी तोडी बसवायचा विचार आहे.